तेरा तासांची बाटली

अण्णा,

परवा शेजारची मुलगी आली होती. तुम्ही गेलात तेव्हा ती आपल्या ओट्यावर सागरगोटे खेळायची, आता बाळंतपणाची डॉक्टर झाली आहे. चहा पिता पिता मी तिला सहज विचारल्यासारखं विचारलं, की पूर्वी गरोदर बायकांची चोवीस तासांची लघवी गोळा करून त्यातला हार्मोन मोजायचे, पोटातलं मूल सुखरूप आहे का ते बघायला, ते अजून कुणी करतं का? ती हसली. म्हणाली, "मावशी, ते कधीच बंद झालं. आम्हाला पुस्तकात दोन ओळी होत्या त्याच्यावर. आकडा रोज खालीवर व्हायचा म्हणे, काही भरवसा नव्हता." एवढं बोलून ती सोनोग्राफीच्या नव्या मशीनबद्दल सांगू लागली. मी मान हलवत राहिले. ती गेल्यावर कपबशी विसळली आणि तेव्हापासून तुमच्याशी भांडते आहे. तुम्हाला जाऊन एकवीस वर्षं झाली, भांडायला फार उशीर झाला हे कळतं मला. पण तुम्ही होतात तेव्हा भांडायची सोय नव्हती. तुम्ही गावाचेही सर होतात आणि घराचेही. म्हणून लिहिते. हे कुठं टाकायचं नाही, कुणाला दाखवायचं नाही, तेव्हा नीटनेटकं लिहायचीही गरज नाही.

तुमच्या खरेपणाची गावात केवढी ख्याती होती! निजामाच्या अमदानीत तुम्ही सगळं शास्त्र उर्दूतून शिकलात, मग मुलूख इकडं सामील झाल्यावर एका उन्हाळ्यात तेच सगळं मराठीतून शिकवायला बसलात. तुमची ती लांबट वही मला आठवते. एका बाजूला उर्दू शब्द, दुसऱ्या बाजूला मराठी, आणि जिथं मराठी शब्द सापडला नाही तिथं कोरी जागा. खोटा शब्द भरायचा नाही, सापडेपर्यंत जागा कोरी ठेवायची. वर्गात मात्र जुने शब्द जायचे नाहीत तोंडातून. गृहपाठ "मुकम्मल" पाहिजे म्हणायचात, म्हणजे पूर्ण, काही न सोडता. आम्हा पोरांना तो शब्द तुमच्यामुळंच ठाऊक. सातवीत असताना तुम्ही पाणी उकळून थर्मामीटर बघायला लावला होता. पुस्तकात शंभर अंश होतं, म्हणून मी न बघताच शंभर लिहिलं. तुम्ही माझी वही सगळ्या वर्गासमोर धरलीत. म्हणालात, "पुस्तकात काय लिहिलंय ते मी विचारलं न्हाय. भांड्यात काय दिसलं ते विचारलं." आपलं धाराशिव डोंगरावर आहे, इथं पाणी शंभराच्या आधीच उकळतं, अठ्ठ्याण्णवच्या आसपास. ते तुम्ही नंतर समजावून सांगितलंत. आधी हातावर दोन छड्या मारल्या होत्यात. मास्तरांची लेक म्हणून इतरांपेक्षा एक जास्त. मी रडले, पण मला तेव्हा तुमचा अभिमानच वाटला होता. ते छड्यांचे वळ गेले, अभिमान पुढं किती तरी वर्षं टिकला, आणि तोच जास्त दुखला.

लग्न होऊन मी बेंबळीला गेले. पहिलं मूल आठव्या महिन्यात पोटातच गेलं. दुसरंही तसंच. दोन्ही वेळा पायावर सूज, डोकं ठणकायचं, डोळ्यांपुढं काजवे, आणि मग एक दिवस पोटातली हालचाल थांबायची. सासूबाईंनी येरमाळ्याच्या देवीला बोलून ठेवलं. आपल्या घरी आत्याचं वेगळंच. पहिल्या खेपेला चंद्रग्रहणात मी विळीवर भोपळा चिरला होता, तेवढंच तिनं धरून ठेवलं होतं. तिला दोष देत नाही. बाविसाव्या वर्षी कपाळ पांढरं करून भावाच्या घरी आलेली बाई, आई गेल्यावर मला तिनंच वाढवलं, तिला जगाची जेवढी कारणं माहीत होती त्यातलंच एक तिनं काढलं. तुम्ही तिला हसायचात. "भोपळ्यानं मूल मरत असतं तर सगळा मराठवाडा निपुत्रिक झाला असता," असं म्हणायचात. आम्ही दोघीही हसायचो. पण हसून झाल्यावर मला रात्री तो भोपळाच आठवायचा, हे मी तुम्हाला कधी बोलले नाही. तुमच्या घरात असल्या गोष्टीला भ्यायची लाज वाटायची.

तिसऱ्या खेपेला तुम्ही कुणाचं ऐकलं नाहीत. सहाव्यातच मला माहेरी आणलंत आणि एस.टी.नं सोलापूरला त्या डॉक्टर बाईंकडं नेलंत. विलायतेहून नुकत्याच शिकून आलेल्या, केस आखूड, बोलणं मोजकं. त्यांनी मला खुर्ची दिली आणि तुम्हाला उभं ठेवून माझ्याशीच बोलल्या, ते मला इतकं नवं वाटलं की मी निम्मं ऐकलंच नाही. पण हे ऐकलं: पोटातलं मूल आणि त्याला पोसणारी वार दोघं मिळून एक हार्मोन तयार करतात, तो आईच्या रक्तातून तिच्या लघवीत उतरतो. मूल ठणठणीत असलं तर भरपूर उतरतो. वार कामातून जायला लागली, मूल उपाशी पडायला लागलं, की कमी होत जातो. "बाळ आतून रोज खुशाली कळवतंय, ती आपल्याला वाचता आली पाहिजे," असं त्या म्हणाल्या. एकूण लघवी किती भरली ते सोलापुरात मोजायचे, त्यातली थोडी शिशीत घालून मुंबईला धाडायचे. मुंबईवाले एवढ्याशात हार्मोन किती ते कळवायचे आणि मग त्याचा एकूण लघवीशी गुणाकार करायचा. बाई तुमच्याकडं वळून म्हणाल्या, "सर, खरं तर आठवड्याला दोनदा करायला हवं. तुम्हाला ते जमणार नाही. म्हणजे आपल्याला एकच आकडा मिळणार, त्यावरच मला ठरवावं लागेल. तेव्हा एक थेंब वाया जाता कामा नये, आणि गेला तर मला सांगा." तुम्ही म्हणालात, "बिल्कुल. फिकीर करू नका." शेवटचे शब्द नीट आठवा अण्णा. गेला तर मला सांगा.

आठवा लागला तेव्हा रक्तदाब वाढला आणि बाईंचं पत्र आलं. त्यांचा माणूस सोमवारीच मुंबईला जायचा, म्हणून गोळा करायचं ते रविवारी सकाळी सहापासून सोमवारी सकाळी सहापर्यंत. तुम्ही काय एकेक तयारी केलीत! घमेल्यात ओली वाळू घातलीत, त्यात ती तपकिरी काचेची मोठी बाटली रोवलीत, वरून ओलं गोणपाट, म्हणजे लघवी गरम होऊन खराब होऊ नये. न्हाणीच्या भिंतीवर वेळांचा तक्ता चिकटवलात. मी गेले की तिथं काडी ओढायची. आत्या दाराशी उभी राहून बघत होती. म्हणाली, "आता लेकीचं मूत मोटारीत घालून सोलापूरला न्यायचं म्हंजे लई झालं, दादा. गावात कुणी विचारलं तर काय सांगणारंस?" तुम्ही म्हणालात, "सांगीन, इल्म हाय, शास्त्र हाय म्हणून." ती म्हणाली, "आन् रविवारी अमावस्या हाय, ग्रहण हाय, ते?" तुम्ही नेहमीचं उत्तर दिलंत. ग्रहण म्हणजे सावली, सावलीनं काय होतंय. खिडकीत कंदील, हातात लिंबू आणि सुपारी घेऊन तुम्ही ते वर्गात कितीदा दाखवलं असेल! मला वाटलं, त्या दिवशी तुम्ही घरी थांबाल. एक दिवस. पण तुम्ही शाळेच्या पोरांना मैदानावर बोलावलं होतंत, काजळी धरलेल्या काचांतून ग्रहण दाखवायला. दोन वाजता टोपी घालून निघालात. दुसऱ्यांच्या मुलांची भीती घालवायला गेलात आणि जिची भीती पोटात होती तिला आत्याजवळ ठेवून गेलात.

तीनला ग्रहण लागायचं होतं, पाचला सुटायचं होतं. आत्यानं माजघराच्या खिडकीला चादर लावली, मला पाटावर बसवलं. दुधात, तुपात, लोणच्याच्या बरणीत तुळशीची पानं टाकून झाली होती. हलायचं नाही, निजायचं नाही, नखानं खाजवायचंसुद्धा नाही, आणि हो, मोरीलाही जायचं नाही. मी मॅट्रिक झालेली, तुमची मुलगी, चांगली चोवीस वर्षांची बाई, त्या अंधारात पाटाची कड धरून बसले. खोटं कशाला लिहू, आत्यानं मला दोरीनं बांधलं नव्हतं. उठून उजेडात जाता आलं असतं. बाहेर रस्त्यावरून माणसं ओरडत जायला लागली, "दे दान, सुटे गिरान!" प्रत्येक घरापुढं थांबत, धान्य घेत, पुढं जात. तो आवाज आळीच्या त्या टोकाला गेला की परत येईपर्यंत मी पोटावर हात ठेवून हालचाल शोधत होते. त्या दुपारी मूल हललं नाही. कदाचित निजलं असेल. मुलं पोटात निजतात, हे मला नंतर कळलं, हॉस्पिटलात कामाला लागल्यावर. तेव्हा मला फक्त आधीच्या दोन खेपांचे दिवस माहीत होते, ज्या दिवशी हालचाल थांबली ते. आत्या माळ ओढत बसली होती. तिचं मधेच थांबून माझ्याकडं बघणं, आणि मी "काही न्हाय, ठीक हाय" म्हणणं, एवढंच त्या दोन तासांत आमचं बोलणं झालं.

पाचला ग्रहण सुटलं. आत्यानं चादर काढली आणि घरातलं साठवणीचं पाणी ओतायला घेतलं. रांजण उपडा केला, घागरी रिकाम्या केल्या, देवघरातली तांब्या-पळीसुद्धा. अंगणात चिखल झाला. मग न्हाणीत एक घागर ताजं पाणी आणून ठेवलं आणि ती मागच्या आडावर न्हायला गेली. तुम्ही आलात ते खुशीत होतात. पोरांनी किती चांगले प्रश्न विचारले ते दारातूनच सांगत आलात. हातपाय धुवायला न्हाणीत गेलात आणि तिथंच तुमचं बोलणं थांबलं. बाटली रिकामी होती, धुऊन पालथी घातलेली. सकाळपासून तक्त्यावर ओढलेल्या काड्या तेवढ्या भिंतीवर होत्या. आत्या ओलेत्यानं दारात उभी होती, मी तिच्यापुढं. तुम्ही विचारलंत, "कुणी ओतलं?" आत्या म्हणाली, "म्या ओतलं, दादा. गिरानातलं हुतं." तुम्ही तिला जे बोललात ते मी इथं सगळं उतरवत नाही. अडाणी म्हणालात, ते चाललं असतं. "तुला घरात घेतलं ती माझी चूक झाली," हेही म्हणालात. पन्नाशीला आलेली बाई ओल्या लुगड्यात थंडीनं कुडकुडत उभी, आणि तुम्ही तिला कपडे बदलायला जाऊ दिलं नाहीत.

खरा राग मला पुढच्या गोष्टीचा आहे, अण्णा. आत्यावर ओरडून झाल्यावर तुम्ही खुर्चीत बसलात. मला वाटलं, आता म्हणाल, राहू दे, पुढच्या रविवारी परत करू, किंवा सोलापूरला जाऊन बाईंना सरळ सांगू. तुम्ही म्हणालात, "चालू ठेव. उद्या सहापर्यंत जेवढं होतंय तेवढं भर." मी भरलं. सोमवारी पहाटे तुम्ही बाटलीच्या गळ्याला बांधायची चिठ्ठी घेतलीत. बाईंनी छापून दिलेली होती ती, सुरुवात किती वाजता, शेवट किती वाजता, नमुना पूर्ण की अपूर्ण. तुम्ही सुरुवात काल सकाळी सहा लिहिलंत. शेवट आज सकाळी सहा. मग पूर्ण या शब्दाखाली रेघ ओढलीत, तुमच्या त्या सुंदर अक्षरात सही केलीत, आणि माझ्याकडं बघितलंत. मी खाली बघितलं. एक कोरी जागा सोडता आली असती, अण्णा. तुमच्या वहीत तुम्ही किती सोडल्या होत्यात. आणि खरं लिहिलं असतंत, संध्याकाळी पाच ते सकाळी सहा, तेरा तास, तर बाईंनी कागदावर उभ्या उभ्या हिशेब केला असता. तेरा तासांत एवढं तर चोवीस तासांत किती? तुम्ही सहावीच्या पोरांना त्रैराशिक शिकवत होतात! तुम्हाला येत नव्हतं असं नाही. विलायतेहून आलेल्या बाईंपुढं, ज्या तुम्हाला सर म्हणत होत्या, आपल्या घरात ग्रहण पाळलं जातं हे तुम्हाला सांगवलं नाही, एवढंच. मोटारीत शेजारच्यानं पिशवीत काय आहे विचारलं तेव्हा तुम्ही शाळेचं औषध म्हणून सांगितलंत, हे तुम्हीच मला परत आल्यावर हसत सांगितलंत. मला हसू आलं नाही.

आठ-दहा दिवसांनी तार आली, ताबडतोब घेऊन या. आकडा फार खाली आला होता. लघवीही एकूण कमीच भरली होती. बाईंना वाटलं, अंगावर सूज आहे, मूत्रपिंडं थकली, कमी होणारच. दाब चढलेला, दोन मुलं अशीच गेलेली, आणि हातात तो एकच आकडा. त्या म्हणाल्या, "थांबलो तर हेही आत जाईल. आज काढलं तर निदान हातात येईल." तुम्ही माझ्या उशाशी उभे होतात. त्या क्षणीसुद्धा सांगता आलं असतं. मी तुमच्याकडं बघत होते, तुम्ही खिडकीकडं. मला टेबलावर घेतलं. मुलगी झाली. रडली, हे मला नर्सनं सांगितलं, मी शुद्धीवर नव्हते. साडेतीन पौंड. कापसात गुंडाळून, दोन्ही बाजूंना गरम पाण्याच्या बाटल्या ठेवून तिला ठेवलं होतं, आणि ती प्रत्येक श्वास बरगड्या आत ओढून घेत होती. दुसऱ्या दिवशी मला खुर्चीत घालून तिच्यापाशी नेलं. मी तिच्या तळपायाला बोट लावलं तर तिनं पाय मागं घेतला. तेवढीच आमची ओळख. त्या संध्याकाळी ती गेली.

तिसऱ्या दिवशी बाई राउंडला आल्या. मी पडद्याआड होते, तुम्ही पडद्याबाहेर, त्यामुळं मला सगळं ऐकू आलं. बाई तुम्हाला म्हणाल्या, "सर, मला कळत नाही. वार चांगली होती, कुठं खराब झालेली नव्हती. मुलीचं वजनही दिवसांच्या मानानं बरोबर होतं. अशा मुलाचा आकडा इतका खाली यायला नको. अजून तीन आठवडे सहज मिळाले असते." मग त्यांनी विचारलं, "नमुना पूर्ण चोवीस तासांचाच होता ना?" तुम्ही म्हणालात, "बिल्कुल. मुकम्मल." तुमचा आवाज जरासुद्धा हलला नाही. मी टाक्यांवर हात दाबून पडून होते. त्या बाईंनी पुढं आपल्या वहीत काय लिहून ठेवलं असेल ते देव जाणे. कदाचित ही परीक्षा फसवी आहे असं लिहिलं असेल. कदाचित आणखी कुठल्या तरी बाईच्या वेळी खरा खाली आलेला आकडाही त्यांनी मानला नसेल. हे मी रात्री-अपरात्री नाही, भर दुपारी भाजी निवडताना मनात आणते, आणि मग भाजी तशीच ठेवून उठते.

घरी आल्यावर दोन वर्षांनी तुम्ही माझ्यासाठी लॅबोरेटरीच्या कोर्सचा फॉर्म आणलात. स्वतः भरलात, स्वतः औरंगाबादला नेऊन पोचवलंत, यांच्या घरच्यांशीही तुम्हीच भांडलात. लोक म्हणाले, बाप असावा तर असा. मला त्यातलं कळत होतं. तुम्हाला माझ्याकडं बघवत नव्हतं, म्हणून तुम्ही मला काहीतरी देत होतात. मी घेतलं, कारण पुढं मूल होणार नव्हतं आणि दिवस तर घालवायचे होते. सरकारी दवाखान्याच्या लॅबमध्ये मी एकतीस वर्षं काढली. माझ्या खिडकीशी खेड्यापाड्यांतल्या बाया बाटल्या घेऊन यायच्या, पदराखाली झाकून. मी प्रत्येकीला विचारायची, "सगळं आणलं का बाई? सांडलं आसंल, टाकलं आसंल, तर सांग. मी रागवत न्हाय." किती जणी सांगायच्या म्हणून सांगू! कुणाच्या लेकरानं लवंडली, कुणाच्या सासूनं ओतली, कुणी पहाटे बायकांबरोबर रानात गेली तेव्हा बरोबर भांडं न्यायची लाज वाटली. मी तेवढे तास कागदावर लिहायची आणि पुढं पाठवायची. काही बिघडत नव्हतं, अण्णा. कुणाची इज्जत जात नव्हती. आणि आता ही पोरगी म्हणते, तो आकडाच भरवशाचा नव्हता. म्हणजे तुम्ही खरं लिहिलं असतंत तरी कदाचित तेच झालं असतं. तुम्हाला यानं बरं वाटेल. मला नाही वाटलं. इतकी वर्षं निदान एक गोष्ट पक्की होती माझ्याजवळ, तीही आता गेली.

आत्या त्यानंतर बारा वर्षं जगली. त्या बारा वर्षांत तुम्ही तिच्याशी सरळ एक वाक्य बोलला नाहीत. "तिला सांग, भाजीत मीठ जास्त झालंय." "तिला विचार, माझा चष्मा बघितला का." एका घरात, चार हातांवर बसून. आमची बदली धाराशिवला होऊन आम्ही तुमच्याकडंच राहायला आलो, तेव्हापासून हे निरोप मीच इकडचे तिकडे करत होते. ती कधी उलटून बोलली नाही. फक्त ग्रहण आलं की पाणी ओतायचं तिनं सोडून दिलं, तुम्ही लक्ष दिलं असतं तर दिसलं असतं. ती गेली तेव्हा तुम्ही तिला तिरडीवर ठेवताना पाय धरलेत, आणि परत येऊन आंघोळ करून ओट्यावर बसल्यावर म्हणालात, "माझं एक नातवंड हिनं घालवलं. पण भाऊ म्हणून करायचं ते केलं." यांनी मान हलवली. मी पाण्याचा तांब्या घेऊन तुमच्या मागंच उभी होते. तुम्ही हात मागं केलात, मी तुमच्या हातात तांब्या दिला.

बाटली मी ओतली होती, अण्णा. आत्या आडावर न्हात होती. तिनं मला सांगितलं नव्हतं, उलट सकाळीच म्हणाली होती, "दादानं ठेवलीय, त्या बाटलीला मी हात लावायची न्हाय, तूच बघ." मूल दुपारभर हललं नव्हतं. रांजण, घागरी, देवाचं पाणीसुद्धा ओतून झालं होतं, आणि ग्रहण लागलेलं तेवढं एक माझंच घरात राहिलं होतं, असं मला वाटलं. मी गोणपाट काढलं, बाटली मोरीत उपडी केली, दोनदा विसळली, पालथी घातली. वळून बघते तर आत्या दारात, केसांतून पाणी गळतंय. तेवढ्यात तुमचा आवाज आला, आणि तुम्ही विचारल्यावर मी तोंड उघडायच्या आत ती बोलून गेली. नंतर मी ते उघडलंच नाही. तुम्ही त्या कागदावर खोटं लिहिलंत ते मी माफ केलेलं नाही, हे लिहितानाही करत नाही. पण आत्या गेल्यावर तुम्ही आणखी नऊ वर्षं होतात, रोज सकाळी मी तुमच्यापुढं चहा ठेवून तुम्ही पीत असताना समोर बसायची, आणि एकाही सकाळी मी तुम्हाला हे सांगितलं नाही.